कुंकवाचा ठिपका

स्वारगेटहून सारसबागेकडे जाताना, सणस मैदानाच्या अलीकडे, एका म्हाताऱ्या कारागिराचं दुकान होतं. दोन माणसं गुडघे दुमडून बसतील एवढीच जागा. तिथं ऐरण होती, रापी होती, आरी होती, सोल्यूशनचा डबा होता आणि देवाच्या फोटोखाली कुंकवाची डबी होती. सगळे त्याला आबा म्हणत.

आबा बूट-चपला शिवायचा. पण लांबलांबून लोक यायचे ते बुटाच्या आतल्या कामासाठी. कुणाची टाच दुखायची, कुणाच्या पावलाची कमान बसलेली असायची, कुणाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असायचा. माणूस डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन यायचा आणि आबा त्याला इनसोल बसवून द्यायचा.

पुण्याला हे काम नवं नाही. वानवडीच्या कृत्रिम अवयव केंद्रात 1944पासून जखमी सैनिकांना पुन्हा पायावर उभं केलं जातं आहे. आबा मात्र शिकला तो कोंढव्याला, कुष्ठरुग्णांच्या चपला करताना.

कुष्ठरोगात पावलाची संवेदना जाते. काटा रुतला तरी कळत नाही. फोड आला तरी माणूस त्याच पायावर चालत राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते. बोटं जातात ती बहुतेक अशी, दुखणं कळत नाही म्हणून. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी हे दाखवून दिलं आणि मग अशा पायांसाठी मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला होऊ लागल्या. खाली टायरचा सोल, वर मऊ रबर, आणि खिळा एकही नाही. आबानं तरुणपणी अशा पुष्कळ चपला केल्या. त्या माणसांना ‘कुठं टोचतंय?’ असं विचारून उपयोग नसे. पाऊल हातात घ्यावं लागे. कुठं लाल झालंय, कुठं गरम लागतंय, जुन्या चपलेत कुठं खड्डा पडलाय, हे बघावं लागे. ती सवय आबाला कायमची लागली. गिऱ्हाईक बोलत असे आणि आबा पाय बघत असे.

आबाच्या हाताखाली एक पोरगा काम शिकत होता. हात त्याचा चांगला होता. रापी धरली की रेघेवरून हलत नसे. पण काम समोर आलं की त्याला ते लगेच संपवायचं असे.

पर्वती पायथ्याला एक रिक्षावाला राहत होता. त्याची मुलगी पळायची. सणस मैदानावर सराव, मधल्या दिवशी तळजाईची टेकडी, आणि रविवारी पहाटे सिंहगड रस्त्यानं लांबची धाव. त्या धावेला वडील रिक्षा घेऊन येत. मुलगी रस्त्याच्या कडेनं पळे आणि तिच्या अगदी बाजूनं रिक्षा चाले. वडिलांच्या मांडीवर मोबाइल, त्यावर घड्याळ लावलेलं.

“खांदे खाली! मागचा किलोमीटर पडला. उचल, उचल!”

घरी आल्यावर तिनं बूट काढायच्या आत ते विचारत, “किती लागले?”

माणूस मनानं वाईट नव्हता. घरात दूध आधी तिला मिळे, मग बाकीच्यांना. तिला धावायचे बूट घ्यायचे होते तेव्हा त्यानं रिक्षाचं गुळगुळीत झालेलं टायर तसंच ओढलं. पोरीनं डिसेंबरातल्या पुणे मॅरेथॉनमध्ये दहा किलोमीटर पळावं आणि नंबर काढावा, एवढंच त्याला हवं होतं.

दिवाळीच्या आधी एका सकाळी मुलगी पळता पळता थांबली. बुटात खडा गेला होता. तिनं बूट काढून झटकला. काहीच पडलं नाही. पुन्हा घातला, चार पावलं पळाली. खडा तिथंच.

तो खडा बुटात नव्हता. डाव्या पायाच्या चवड्यात, दुसऱ्या बोटाच्या मुळाशी, दुखत होतं. तिथं घट्टाही पडला होता.

वडील तिला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला, फोटो काढला. हाड मोडलेलं नव्हतं. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. पळणं काही दिवस कमी करा. बुटाला पुढं बोटांपाशी जागा असू द्या. आणि चवड्याला आधार देणारं इनसोल बसवून घ्या.

वडिलांनी तिसरी गोष्ट लक्षात ठेवली. इनसोलची जोडी विकत घेतली आणि पॅड लावून घ्यायला मुलीला घेऊन आबाच्या दुकानी आले.

आबा दिवाळीला गावी गेला होता. दुकानात पोरगा एकटा होता.

“आबा चार दिवसांनी येतील,” पोरगा म्हणाला.

“चार दिवस कुठले? आज व्हायला पाहिजे. तुला येत नाही का?”

‘येत नाही’ म्हणणं पोराच्या जिवावर आलं. त्यानं आबाला हे काम करताना अनेकदा पाहिलं होतं. देवाच्या फोटोखालची डबी घेतली, कुंकू पाण्यात कालवलं आणि मुलीला विचारलं, “कुठं दुखतं?” तिनं दाखवलं. त्यानं नेमका तिथं ठिपका लावला आणि तिला इनसोलवर उभं केलं. पाय उचलला तेव्हा इनसोलवर लाल खूण उमटली होती. इथवर सगळं आबासारखं झालं.

मग त्यानं रबराचं छोटं पॅड कापलं, सोल्यूशन लावलं आणि त्या लाल खुणेवर बरोबर बसवलं. इनसोल बुटात सरकवलं. बुटातलं मूळचं इनसोल काढायचं त्याच्या मनातही आलं नाही. पैसे घेतले. वडील खूश झाले.

दुसऱ्या दिवशी मुलगी पळायला गेली. बूट घट्ट झाला होता. टाच वर उचलली गेली होती आणि बुटातून सुटत होती, म्हणून तिनं लेस करकचून आवळली. चवड्यात आता खरोखरच खडा होता आणि तो चिकटवून ठेवलेला होता.

“दुखतंय, पप्पा.”

“सुरुवातीला दुखणारच. सवय होईल. चल, उचल.”

ती पळाली. तिसऱ्या दिवशीही पळाली. चौथ्या दिवशी तळजाईवरून उतरताना ती मध्येच खाली बसली, दोन्ही बूट काढून हातात घेतले आणि अनवाणी घरी आली.

वडील बूट घेऊन तडक दुकानी गेले. मुलगी मागून लंगडत आली. आबा त्याच सकाळी गावाहून परतला होता. वडिलांनी बूट त्याच्यासमोर आपटले.

“हे काम तुमच्या पोरानं केलंय.”

पोरगा उठून उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता. आबानं त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्यानं मुलीला बसवलं, तिचं पाऊल मांडीवर घेतलं आणि अंगठ्यानं सावकाश चाचपलं. मग बुटात हात घातला. वरचं इनसोल निघालं. त्याच्याखालून दुसरं निघालं. दोन्ही त्यानं शेजारी शेजारी ठेवली. पॅडवर बोट ठेवलं, ते लाल खुणेवर होतं.

“बस खाली,” तो पोराला म्हणाला. मग वडिलांना म्हणाला, “तुम्हीपण बसा. हात द्या इकडं. उताणा नको. तळवा फरशीला लावा आणि त्यावर जोर द्या.”

वडिलांनी शहाबादी फरशीवर तळवा टेकला आणि अंगाचा भार टाकला.

“कुठं लागतं?”

“बोटांच्या मुळाशी.”

आबानं रबराचा एक तुकडा घेतला आणि नेमका तिथंच, बोटांच्या मुळाखाली, सरकवला. “आता टाका जोर.”

वडिलांनी जोर टाकला आणि हात झटकन काढून घेतला. “आणखीनच टोचतंय की हो!”

“परत टेकवा.” या वेळी आबानं तोच तुकडा बोटभर मागं, तळव्याच्या खोलगट भागात ठेवला. “आता?”

वडिलांनी भार टाकला. बोटांची मुळं फरशीवरून किंचित उचलली गेली. बोटं आपोआप फाकली. त्यांनी आणखी जोर दिला. कुठंच टोचलं नाही.

“रबर तेच आहे,” आबा म्हणाला.

पोरगा वाकून बघत होता. आबानं त्याचाही हात फरशीवर टेकवायला लावला, आधी पुढं, मग मागं. मग म्हणाला, “ठिपका तू बरोबर लावलास. तो कशासाठी लावायचा हे बघायचं राहिलं.”

एवढंच तो बोलला. पुढचं काम त्यानं पोराच्याच हातून करून घेतलं.

हे काम मी जरा सविस्तर सांगतो, कारण घरोघरी लोक नवं इनसोल जुन्यावर तसंच टाकतात आणि मग पाय का दुखतो ते त्यांना कळत नाही. आधी पोरानं बुटाचं मूळ इनसोल बाहेर ठेवलं. ते नव्या इनसोलवर टाच टाचेला जुळवून ठेवलं आणि पुढचा आकार पेनानं आखला. नवं इनसोल पुढं थोडं लांब होतं. तो रापी चालवणार तोच आबा म्हणाला, “थोडंथोडं. कापलेलं परत जोडता येत नाही. आणि टाचेकडं हात लावायचा नाही.” पोरानं पुढून दोऱ्याएवढं कापलं, बुटात घालून पाहिलं, पुन्हा दोऱ्याएवढं कापलं. शेवटी इनसोल मागं टाचेपर्यंत घट्ट बसलं आणि पुढं सुरकुती पडली नाही.

मग पुन्हा कुंकू. मुलीला उभं केलं, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन. बसल्या माणसाचं पाऊल आखूड असतं, उभं राहिलं की ते पसरतं. ठिपका उमटला. पोरानं त्याच्यामागं बोट आडवं ठेवलं आणि तिथं रेघ मारली. जुनं पॅड खरवडून काढलं, नवं कापलं, थेंबाच्या आकाराचं. त्याच्या कडा रापीनं इतक्या पातळ केल्या की हात फिरवला तर कुठं सुरू होतं ते कळू नये. सोल्यूशनच्या डब्याकडं त्याचा हात गेला तेव्हा आबानं डबा बाजूला सरकवला आणि चिकटपट्टी दिली.

“आधी ती चालू दे.”

मुलगी फुटपाथवरून सणस मैदानाच्या फाटकापर्यंत चालत गेली आणि परत आली.

“कसं वाटतं?” पोरानं विचारलं.

“थोडं आत, अंगठ्याकडं टोचतंय.”

पोरानं पॅड किंचित बाहेर सरकवलं. ती पुन्हा गेली, पुन्हा आली. तिसऱ्या खेपेला ती काही बोललीच नाही, फाटकाच्या पुढं चालत गेली. मग आबानं डबा पोराकडं सरकवला.

“पहिल्या दिवशी तासभर घालायचे, नुसतं चालायला,” आबानं सांगितलं. “दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. दिवसभर घालून काही वाटेनासं झालं की मग पळायचं, तेही थोडं.”

“आणि मॅरेथॉन?” वडील म्हणाले. “डिसेंबरचा पहिला रविवार आलाच की.”

“1983पासून ही मॅरेथॉन होतेय. पुढच्या वर्षीही याच मैदानावर येईल.”

वडिलांना ते पटलं नाही, पण ते गप्प बसले. मुलीनं सांगितलं तसं केलं. घट्टा मऊ पडला. चालताना दुखेनासं झालं. मग ती मैदानावर हळूहळू पळू लागली आणि तिथंही दुखलं नाही. वडिलांना हुरूप आला. रविवारी पहाटे त्यांनी तिला सिंहगड रस्त्यावर आणलं. चवडा पुन्हा दुखला.

वडील दुकानी आले. या वेळी त्यांनी बूट आपटले नाहीत. “आबा, मैदानावर दुखत नाही, रस्त्यावर दुखतं. असं कसं?”

आबानं बूट हातात घेतले, इनसोल काढून पाहिलं आणि पोराकडं दिलं. पॅड जागच्या जागी होतं. पण पुढं बोटांखाली मऊ थरात पाच खोल खळगे पडले होते.

“काय दिसतं?”

“बोटांनी पकडून धरलंय,” पोरगा म्हणाला.

“का?”

पोराला सांगता येईना.

“पुढच्या रविवारी ह्याला रिक्षात बसवून न्या,” आबा वडिलांना म्हणाला. आणि पोराला म्हणाला, “पावलं बघ. तिला काही विचारू नको.”

रविवारी पोरगा मागच्या सीटवर बसला. दांडेकर पुलापासून मुलगी पळू लागली. रिक्षा नेहमीसारखी बाजूनं. पोरगा वाकून तिची पावलं बघत होता. वडिलांची हाक आली, “उचल!” आणि मुलीची टाच वर गेली. सगळा भार चवड्यावर आला. मान रिक्षाकडं वळली. पाच-दहा पावलं ती तशीच टोकावर पळाली, मग टाच खाली आली. पुन्हा हाक, पुन्हा टाच वर.

राजाराम पुलाच्या चौकात सिग्नल लागला. मुलगी कडेनं निघून गेली, रिक्षा अडकली. सिग्नल सुटल्यावर रिक्षा निघाली तेव्हा ती बरीच पुढं होती. पोरगा मान बाहेर काढून बघत राहिला. टाच, मग चवडा. टाच, मग चवडा. खांदे आपोआप खाली आले होते. ती मघापेक्षा वेगातच होती.

मग रिक्षा तिच्या बाजूला पोचली. वडील म्हणाले, “शाब्बास, उचल!” टाच वर गेली.

दुकानी परतल्यावर पोरगा हे सगळं आबाला सांगू लागला. वडील शेजारीच उभे होते. पोरगा मध्येच अडखळला. मोठ्या माणसासमोर त्याच्याबद्दल बोलायचं त्याला अवघड वाटलं.

“सांग,” आबा म्हणाला. “पायाचंच सांगतोयस.”

पोरानं सांगून टाकलं. कोणी काही बोललं नाही. वडिलांनी आपला तळवा उलटा करून पाहिला. मग आबाकडं पाहिलं.

“म्हणजे, मी येऊ नको?”

“असं कुठं म्हटलं? पहाटेचा रस्ता, अंधार असतो, कुत्री असतात. पोरीनं एकटीनं का पळावं?” आबानं इनसोलवरच्या पॅडवर बोट टेकवलं. “आधार काढायचा नसतो. दुखतं तिथं दिला तर ओझं होतो, थोडा मागून दिला तर उचलून धरतो. एवढंच आहे.”

पुढच्या रविवारी रिक्षा मागं राहिली. वडिलांना ते जड गेलं. दोनदा त्यांचा हात अ‍ॅक्सिलरेटरवर पिळला गेला आणि दोनदा त्यांनी तो सैल सोडला. मग त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. रिक्षा बाजूला असायची तेव्हा हेडलाइटचा उजेड मुलीच्या पुढं रिकाम्या रस्त्यावर पडायचा आणि ती कडेच्या अंधारात पळायची. आता उजेड तिच्या वाटेवर पडत होता. खड्डा आला की ती आधीच बाजूला होत होती.

त्या डिसेंबरात ती मॅरेथॉन पळाली नाही. वडिलांनी स्वतःच तिचं नाव मागं घेतलं. त्या दिवशी दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहून पळणाऱ्यांना पाणी देत होते.

पुढल्या वर्षी ती दहा किलोमीटरला उतरली. शर्यतीच्या रस्त्यावर रिक्षा नेता येत नाही, म्हणून वडील सणस मैदानावर थांबले होते, तिच्या चपला हातात घेऊन. आबाचा पोरगाही दुकान उघडायच्या आधी आला होता. मुलगी आली. नंबर आला नाही, पण ती पूर्ण पळाली आणि सरळ चालत वडिलांकडं आली.

वडिलांनी चपला तिच्या पुढ्यात ठेवल्या आणि खाली वाकून विचारलं, “पाय कसा आहे?”

“पाय बरा आहे,” मुलगी हसत म्हणाली. “किती लागले ते तर विचारा, पप्पा!”